एकोणिसावं दिंड

चाळणीत एकोणीस दिंडं होती. खाली पातेल्यात दोन बोटं पाणी, वर चाळणी, चाळणीत हळदीची पानं आणि पानांवर पुरण भरून चौकोनी घड्या घातलेली कणकेची दिंडं. सहा-सहाच्या तीन रांगा आणि कडेला एक. पुरणाच्या भांड्यात डावभर पुरण उरलेलं होतं, म्हणजे पुरण कमी पडलं असं नव्हतं. तरी अठरा दिंडांत पुरण होतं आणि एकोणिसावं रिकामं होतं. घडी बाकीच्यांसारखीच नेटकी, चारही कोपरे दाबून बसवलेले.

केतकीने हे सगळं त्याच संध्याकाळी मोजून ठेवलं. माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करून करून तिचा मोजल्याशिवाय कशावर विश्वास बसेनासा झाला होता. मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात नक्की कधी झाली?" तेव्हा ती म्हणाली, "अठराव्या आणि एकोणिसाव्या दिंडाच्या मध्ये."

नागपंचमी होती. तिच्या सासूबाई, वैजयंती, माहेरच्या बत्तीस शिराळ्याच्या. त्या गावच्या माणसाला नागपंचमी शिकवावी लागत नाही. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. जे करायचं ते उकडून. २०४१ साल उजाडलं, सांगलीच्या रस्त्यांवरून बिनचालकाच्या रिक्षा फिरू लागल्या, पण वैजयंतीबाईंच्या ओट्यावर त्या दिवशी सुरी दिसत नसे. तीस वर्षं त्या एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसल्या होत्या आणि निवृत्त होताना खिडकीची भाषा घरी घेऊन आल्या होत्या. विचाराल तेवढंच उत्तर. "आई, दुधाचं पातेलं?" "डावीकडे." "आई, बरं वाटतंय ना?" "हो."

त्या दिवशी ओट्यापाशी उभ्या असताना त्या एकाएकी म्हणाल्या, "केतकी, फलाट दे झाकायला."

केतकी हसली.

"फलाट... उकडीचं... सहावर," त्या म्हणाल्या आणि आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय ते ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. उजवा हात ओट्यावरून घसरून लोंबू लागला. अकरा मिनिटांनी, रुग्णवाहिका पुलावर असतानाच, त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "गॅस बंद केलास का?"

मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला. मानेतल्या रक्तवाहिन्या स्वच्छ. छातीला पट्टी लावून पंधरा दिवस हृदयाचे ठोके तपासले, तेही नियमित. शेवटी कागदावर लिहून आलं: मेंदूचा छोटा झटका, कारण अनिश्चित.

कारण अनिश्चित असलं की जो तो आपलं कारण घेऊन येतो. केतकीचा नवरा निनाद म्हणाला, लोणचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट. ऑकलंडहून नणंद मुग्धा म्हणाली, "वहिनी, आईला सकाळपासून उपाशीपोटी ओट्यापाशी उभं केलं होतंस का?"

केतकीपाशी तिचं स्वतःचं एक कारण होतं. ते विज्ञानात बसत नव्हतं, आणि म्हणूनच कुणाकडून खोडूनही घेता येत नव्हतं. त्या सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या असताना तिने आपल्या डब्यासाठी मूठभर कोथिंबीर चिरली होती.

*

"घरातलं पाणी थोडा वेळ गेलं आणि परत आलं, असं समजा," डॉ. निलोफर कोरबू म्हणाल्या. "कुंड्यांतली झाडं मेली नाहीत, नुसती मान टाकून बसली. पण पाणी पुन्हा कधी जाईल आणि किती वेळ, ते सांगता येत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेतच. दुसरा उपाय आहे तो सेतू."

सेतू म्हणजे केसाहून बारीक तारांची एक जाळी. मानेच्या शिरेतून सरकवत नेऊन मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका शिरेत ती बसवतात. कवटी उघडावी लागत नाही. वाचाकेंद्राकडे येणारं रक्त कमी झालं की जाळीला ते कळतं. मग तेवढ्या वेळापुरती ती जीभ, ओठ आणि घसा हलवणाऱ्या पेशींना स्वतःच इशारे देते. बोलणं तुटत नाही. रस्त्यात, जिन्यात, गॅसपाशी माणूस गोंधळून पडत नाही.

"पण बोलायचं काय, ते कोण ठरवतं?" केतकीने विचारलं.

"अंदाज. आपण आयुष्यभर तीच तीच वाक्यं फिरवून बोलतो हो. त्यांच्या बोलण्याचे दहा तास सेतूला ऐकवले की, समोरचा अमुक म्हणाला तर या काय म्हणतील, ते तो बऱ्यापैकी ओळखतो. पुढेही कानावर पडेल ते तो लक्षात ठेवत जातो."

"आणि त्यांना कळतं? हे आपण बोललो नाही, असं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तोंड आपलं, आवाज आपला, कानांनी ऐकलेलंही आपलंच. मेंदू नंतर म्हणतो, मीच बोललो. 'हे माझं नव्हे' असं आजवर एकाही रुग्णाने म्हटलेलं नाही."

मनगटाला एक पट्टी बांधायची होती. तिचा दिवा हिरवा असायचा. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर दिवा लाल होऊन भोंगा वाजणार; त्याच्या आतले झटके जाळी नुसते नोंदून ठेवणार आणि ते सहामाही तपासणीत वाचायचे. "दर वेळी भोंगा वाजवला तर माणूस भीतीनेच झुरतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला काही वेगळं जाणवलं तर मात्र लगेच कळवा."

अडलं ते दहा तासांपाशी. वैजयंतीबाई माइकसमोर बसायला तयार होईनात. "भिंतीशी बोलायला मी काय खुळी आहे?" निनादने आठवडाभर स्वयंपाकघरात रेकॉर्डर लावून ठेवला. आठवड्याअखेर हाती आलं ते: "दार लाव." "मीठ." "उद्या पाणी नाही." आणि निनादला उद्देशून, "हे यंत्र इथून उचल, नाहीतर कुकरात घालीन."

मग केतकीला मुग्धा आठवली. दर रविवारी, आणि मध्ये कधीही, सासूबाई लेकीला आवाजी निरोप पाठवत. दार लोटून, हळू आवाजात. मुग्धाने चार वर्षांचे निरोप एकत्र करून पाठवले. "आईला सांगू नकोस हं, लाजेल ती." केतकीने ते न ऐकताच इस्पितळाकडे धाडले. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, तसं. आईचा आवाज तो आईचा आवाज, त्यात काय एवढं?

*

सेतू बसवल्यानंतरची, थंडीतली गोष्ट. केतकी कामावरून आली तेव्हा वैजयंतीबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. डाव्या हातात काडी होती. उजवा हात पान खुडण्याच्या बेतात तसाच थांबलेला होता.

"दमलीस का गं चिमणे?" त्या म्हणाल्या. "आधी पाणी पी. मग सांग."

एक चप्पल काढून केतकी एका पायावर तशीच उभी राहिली. बारा वर्षांत या घरात तिला 'केतकी' आणि 'अगं ए' यांपलीकडे कुणी हाक मारली नव्हती.

"काय सांगू, आई?"

"काहीही सांग. तुझं ऐकलं की मला बरं वाटतं."

ती खाली बसली. दिग्रजच्या शेतांतून आलेले मातीचे नमुने, पुरानंतर त्यांत वाढलेला खार, साहेबांची कटकट, असं काहीबाही सांगत गेली. "हो का?" "मग गं?" नेमक्या जागी हुंकार येत होते. सासूबाईंचे डोळे तिच्याकडेच होते, पण किंचित मागे. जणू तिच्या खांद्यापलीकडे आणखी कुणी उभं होतं. एकदा केतकीने वळूनही पाहिलं. मागे नुसतं दार होतं.

मग त्यांच्या बोटांनी पान खुडलं. "अशी काय बसलीस? कुकर काय मी लावू?"

"आई, तुम्ही मला आत्ता चिमणे म्हणालात."

"म्हणाले असेन," मेथीकडे बघत त्या म्हणाल्या. "दमलेली दिसलीस."

रविवारी मुग्धाचा फोन आला. वैजयंतीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला. मुग्धा सुस्कारली, आणि केतकीने आतून ऐकलं: "दमलीस का गं चिमणे? आधी पाणी पी. मग सांग." तोच चढ, 'पी'नंतर तेवढाच विसावा. फक्त आता दोन्ही हात चालू होते.

चौकशी खिडकीची भाषा सेतूला कुणी शिकवलीच नव्हती. त्याच्या लेखी जगात एकच ऐकणारी होती, ती ऑकलंडला राहत होती आणि तिचं नाव चिमणी होतं. या घरात तो तोंड उघडेल तेव्हा समोर कोणीही असो, तिच्याशीच बोलणार होता. म्हणजे सासूबाईंनी केतकीशी गोड बोलणं हे झटक्याचं लक्षण होतं.

तेव्हाच मिरजेला फोन करायला हवा होता. पण दिवा हिरवा होता. झटका पाच मिनिटांच्या आतला होता. कळवायलाच हवं असं काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ती लवकर घरी येऊ लागली.

*

आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, मग दोनदा. केतकीला खूण कळली होती. आधी उजवा हात थांबायचा, मग डोळे थोडे मागे जायचे, मग आवाज मऊ व्हायचा. त्या तीन-चार मिनिटांत आपल्याला मायेने कोण वागवतंय हा प्रश्न ती बाजूला ठेवायची. पंख्याचा वारा घेताना तो कुठल्या विजेवर फिरतो, हे कोण विचारतं?

निनादला वेगळीच गंमत वाटत होती. "आई हल्ली गोड झालीय. ऑपरेशनमध्ये साखर घातली की काय?"

"तुझ्या चहातली काढून घातली," वैजयंतीबाई म्हणाल्या. ते त्या स्वतः बोलल्या होत्या. केतकीने हात बघून खात्री केली.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी हात थांबला तेव्हा केतकीने दार लोटलं आणि भडाभडा बोलून टाकलं. "आई, नागपंचमीला मी कोथिंबीर चिरली होती. तुम्ही अंघोळीला गेला होतात. तुम्हाला जे झालं ते त्याच्यामुळे नाही, हे मला माहीत आहे. पण माहीत असून मनातून जात नाही."

"तुझा काय दोष गं त्यात, चिमणे?" आवाज म्हणाला. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस. जेवलीस का?"

किती दिवसांनी तिला हलकं वाटलं. आणि लगेच कळलं की हे वाक्य कधीतरी मुग्धाला, तिची नोकरी गेली तेव्हा किंवा परीक्षा हुकली तेव्हा, सांगितलेलं असणार. घडी नेटकी होती. चारही कोपरे दाबलेले.

थोड्या वेळाने हात हलला. वैजयंतीबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "माझ्या हाताकडे काय बघत असतेस सारखी?"

"काही नाही."

"काय चिकटलंय का हाताला?" त्यांनी स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला, मग केतकीचं तोंड पाहिलं, आणि उठून गेल्या.

*

फाल्गुनातल्या गुरुवारी केतकी चार वाजताच घरी आली. वैजयंतीबाई सुपात तूरडाळ घेऊन बसल्या होत्या. ती आत आली आणि उजवा हात डाळीवर तसाच थांबला.

"चिमणे, ऐकतेस ना?" त्या म्हणाल्या. "तुला एक सांगायचंय. केतकीला सांगू नकोस."

केतकी दारातच थांबली. तिचं स्वतःचं नाव त्या आवाजात आजवर आलं नव्हतं.

"तिला वाटतं तिच्या चिरण्यानं मला ते झालं. अगं, मी बघितलं होतं त्याच सकाळी. कोथिंबिरीचे देठ तिनं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातले होते, वर केळीची सालं. तीस वर्षं मी तिकीट चुकवणारी माणसं बघितली; लपवलेलं मला दिसतं. बोलले नाही. बोलले असते तर तिनं जन्मभर काळजाशी धरलं असतं. आता न बोलूनही धरलंच तिनं."

देठांचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या त्या संध्याकाळीही नाही.

"निनादच्या वेळी मला दिवस गेले होते ना, तेव्हा नागपंचमीला शिराळ्यातच मी पेरू चिरून खाल्ला होता," आवाज म्हणाला. "न्हाणीघरात बसून, तिखटमीठ लावून. दोन. अख्खं गाव नागाच्या मिरवणुकीत होतं. कुणाला कळलं नाही आणि काही झालंही नाही. निनादचं डोकं जरा मठ्ठ निघालं, पण ते त्याच्या वडिलांकडून."

डोळे किंचित मागे होते, खांद्यापलीकडे. हात हलत नव्हता. बोलणं मात्र थांबेना. केतकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मनगटावरचा दिवा हिरवा होता. सहा मिनिटं, सात; दिवा हिरवाच. भोंगा नाही.

"घर तिच्यावर उभं आहे, चिमणे. पण तोंडावर म्हणायचं म्हणजे जीभ उचलत नाही माझी. सवयच नाही."

चार वाजून एकोणीस मिनिटांनी बोटं डाळीत उतरली. "अशी काय उभी राहिलीस दारात? आत ये किंवा बाहेर जा. डास येतात."

केतकी बाहेर गेली. जिन्यात उभं राहून तिने ऑकलंडला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होत आली होती.

"मुग्धा, आईंनी तुला कोथिंबिरीचं काही सांगितलं होतं का? निरोपात? झटक्यानंतर?"

"कसली कोथिंबीर?"

"पेरूचं?"

"वहिनी, आई बरी आहे ना? बारा वाजायला आलेत इथे. झटक्यानंतर तर तिनं मला दोनच निरोप पाठवले. एकात 'बरी आहे', एकात 'बरी आहे म्हटलं ना'."

म्हणजे सेतूजवळ ही वाक्यं नव्हती. त्याने ऐकलं होतं ते फक्त केतकीच्या तोंडून, आणि तिने देठ सांगितले नव्हते. जाळी आपल्या मनाने गोष्टी रचू लागली असेल, तर देठांचं तिला कसं कळलं? आणि झटका नऊ मिनिटांचा असून पट्टी गप्प राहिली असेल, तर आजवर आणखी किती झटके असे गप्प राहून गेले? जिन्याचा कठडा तिने घट्ट धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला सासूबाईंची भीती वाटली. त्यांची, की त्यांच्या आत बसलेल्या कुणाची, ते सांगता येईना.

*

शुक्रवारी सकाळीच ती त्यांना मिरजेला घेऊन गेली. डॉ. कोरबूंना तिने काही लपवलं नाही. गोड बोलणं, थांबणारा हात, आणि आपण ते माहीत असून कळवलं नाही, हेही. वैजयंतीबाई खिडकीपाशी मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्यांच्या पाट्या वाचत होत्या.

"हे आधी सांगायला हवं होतंत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पट्टी यंत्रावर ठेवली. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, लाल रक्तप्रवाहाची आणि निळी सेतूची. "हे बघा. डिसेंबरपासून बावीस वेळा. लाल खाली गेली की निळी वर. एकही पाच मिनिटांवर नाही, पण बावीस म्हणजे फार झाले. गोळी आजच बदलू. तुम्ही आलात ते बरं झालं. सहामाही तपासणीपर्यंत थांबून चाललं नसतं."

"आणि कारण?"

"ते अजून अनिश्चितच."

"कालचा दाखवा," केतकी म्हणाली. "काल पट्टी वाजली नाही. नऊ मिनिटं त्या बोलत होत्या आणि दिवा हिरवाच राहिला. यंत्र बिघडलंय का?"

डॉक्टरांनी कालची नोंद काढली आणि भुवया आकसल्या. यंत्राची चाचणी घेतली. यंत्र ठीक होतं. चाचणी पुन्हा एकदा घेतली.

केतकी खुर्चीतून वळली. "आई, काल दुपारी डाळ निवडताना तुम्ही काही बोललात. आठवतं?"

"बोलले असेन." वैजयंतीबाईंनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. उजव्या हाताची बोटं पर्सची चेन उघडत होती, लावत होती. "इस्लामपूर आली बघ. आता शिराळा येईल."

डॉक्टरांनी पडदा केतकीकडे वळवला. लाल रेष सपाट होती. निळीही सपाट होती. खाली तीन ओळी होत्या.

गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं ते चार वाजून एकोणीस मिनिटं.

वाचाकेंद्राचा रक्तप्रवाह: नेहमीइतका.

सेतूने उच्चारलेले शब्द: शून्य.